ट्रेमधली पिशवी

माझी पिशवी माझ्या सासूनं पाह्यली. नवऱ्यानं पाह्यली. थोरल्या दिरानं बी पाह्यली. मीच तेवढी न्हाई पाह्यली.

मला भूल दिल्ती. जुन्या जालन्यातल्या त्या दवाखान्यात आपरेशन झालं की डॉक्टर स्टीलच्या ट्रेमधी गर्भाची पिशवी घेऊन बाहेर येतात अन् नातेवाइकांना दाखवतात. तसा दस्तूरच हाये तिथं. दिरानं म्हणे मोबाईलची बॅटरी लावून बराबर पाह्यली. ज्याच्यापुढं मी डोक्यावरचा पदर कधी ढळू दिला न्हाई, त्यानं माझ्या पोटातलं पाह्यलं.

त्रास काय होता मला? पांढरं जायचं, कंबर दुखायची. पस्तिशी बी गाठली नव्हती. डॉक्टर म्हणले, "पिशवी खराब झाली. ठेवली तर कॅन्सर होईल. दोन लेकरं झाली ना, आता काय कामाची?" मी समोर स्टुलावर बसलेली, अन् बोलणं चाललंय नवऱ्याशी. बाजारात गाईचे दात पाहावे अन् सौदा मालकाशी करावा, तसं.

वडीगोद्रीला घरी आले. सासू येणाऱ्या-जाणाऱ्या बाईला हातानं माप दाखवायची, "एवढी होती, निस्ती सडलेली." माझ्यापुढंच. दिरानं पारावर सांगितलं. मोसंबीच्या बागेत कामाला गेले तर गडी माझ्या पोटाकडं पाहायचे. मला माझ्याच अंगाची किळस येऊ लागली.

मंग दुसरंच सुरू झालं. एकाएकी अंगाची आग व्हायची, घाम फुटायचा. भाकरी थापता थापता रडू यायचं. नवरा जवळ आला की आत कोरडं, सुरी फिरवल्यावानी दुखायचं. मनच व्हायचं न्हाई. आधी व्हायचं. हो, व्हायचं मला बी, त्यात लाजायचं काय? एकदा त्याला दूर लोटलं तर म्हणला, "पिशवी गेली, आता तुझ्यात राह्यलंच काय?"

मीच हट्ट करून त्याला परत त्याच दवाखान्यात नेलं. मीच बोलले, "साहेब, नवरा जवळ आला की लई दुखतं. मन बी होत न्हाई. काई इलाज सांगा."

डॉक्टर नवऱ्याकडं पाहून हसले. "काय हो, नवीन लगीन झालं का तुमचं? आता देवाचं नाव घ्या म्हणा."

सिस्टर हसली. अन् माझा नवरा बी हसला. त्या हसण्यानं माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मी स्टुलावरून उठले न्हाई. म्हणलं, "साहेब, इकडं माझ्याकडं पाहून बोला. माझ्या अंगातून काय काय काढलं?"

"पिशवी अन् दोन्ही अंडाशय. पुढं कटकट नको म्हणून. तुझ्या नवऱ्याला सांगितलं होतं."

"त्याच्या अंगातून काढलं का?"

नवरा खाली पाहत होता. त्याला माहीत होतं. अंडाशय बी काढलेत, हे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, अन् वर मलाच म्हणला, तुझ्यात राह्यलंच काय.

सरकारी दवाखान्यात एकटी गेले. तिथल्या मॅडमनी दार लावून माझं ऐकलं. अंडाशय काढल्यामुळंच हे सगळं होतं, म्हणल्या. कोरडेपणाला मलम दिलं, आगीवर गोळ्या. दुखणं कमी झालंय. पण काढलेलं परत येत न्हाई, अन् मी कोणाला माफ केलेलं न्हाई. नवऱ्याला सांगून ठेवलंय, मी हो म्हणल्याशिवाय अंगाला हात लावायचा न्हाई. तो चिडला, सासूनं कांगावा केला. करू दे.

काल तोच दीर दारात आला. "डॉक्टरनं हिची बी पिशवी काढायची म्हणलंय. उद्या संगं चल, तुला सगळं माहीत हाये." थोरली जाऊ त्याच्यामागं भिंतीला टेकून उभी होती. तिला बी पांढरंच जातं.

मी पदर घेतला न्हाई. त्याच्या डोळ्यात पाहून म्हणलं, "भाऊजी, मला माहीत हाये, म्हणूनच येते. पण तिच्यासंगं. आधी सरकारी दवाखान्यात जायचं. डॉक्टरपुढं ती बसंल, विचारंल बी तीच. तुम्ही बाहेर थांबायचं."

"अन् डॉक्टर काढाच म्हणले तर?"

"तरी ती ठरवंल. अन् काढलीच, तर ट्रे तुमच्यापुढं येऊ देणार न्हाई."

तो काईतरी पुटपुटत निघून गेला. जाऊ तिथंच थांबली. तिला म्हणलं, सकाळी तयार राह्य. कोणी आडवं आलं तर मी हाये.