रताळ्याला ठेच्याचा वास

सांता क्लारात आमची दहा-बारा कुटुंबं महिन्यातून एका रविवारी बुद्धवंदनेला जमतात. जेवणं उरकली की सगळ्यांत वडीलधाऱ्या काकू प्रत्येकीच्या हातात काहीतरी देतात. त्या रविवारी मला दह्याच्या रिकाम्या प्लॅस्टिक डब्यात लसणाचा ठेचा मिळाला.

"आज पाणातिपाता वेरमणी म्हणतेस, जीव घेणार नाही म्हणून, अन् उद्या बंदूक घेऊन जातेस," काकू म्हणाल्या. "इंजिनियरिंग केलं ते घुशी मारायला?"

"घूस नाही काकू, न्यूट्रिया. घुशीच्या चौपट."

"मग पापही चौपट."

सगळे हसले, मीही हसले. सॉफ्टवेअर टेस्टिंगची नोकरी गेली तेव्हा मी सेहेचाळीस वर्षांची होते. दुसरी मिळेना. दलदलीतल्या या कामाची सरकारी जाहिरात दिसली, तेव्हा बोट चालवायला आणि नेम धरायला शिकले.

न्यूट्रिया इथला नाही. फरसाठी कुणीतरी बाहेरून आणला आणि तो सुटला. दात नारिंगी, मागचे पाय बदकासारखे. पाणकणसं मुळासकट खातो आणि मातीच्या बांधात बिळं करतो. मी काम करते त्या भागात बांधामागची शेतं आणि घरं नदीच्या पाण्याहून खाली आहेत. बांध पोखरला गेला, तर पुढचं सांगायला नको.

दलदलीच्या आमच्या पट्ट्यात एकच मादी उरली होती. कॅमेऱ्यात तिचं पोट लोंबताना दिसत होतं. ती गाभण होती. पिल्लं जन्मल्या दिवशीच पोहायला लागतात. व्याली असती, तर दोन वर्षांचं काम पुन्हा पहिल्यापासून. आणि गुरुवारी आम्हाला सापळे उचलून दुसऱ्या पट्ट्यात जायचं होतं.

कामावरचा माझा जोडीदार साठीचा, जन्मभर बदकांची शिकार केलेला. सोमवारी सकाळी आम्ही सपाट बुडाची बोट पाण्यात घातली. त्या मादीच्या वाटेवर एक तरंगती फळी बांधलेली होती. फळीवर पिंजरा, पिंजऱ्यात रताळ्याचे तुकडे. रताळी मी घरूनच कापून आणली होती, वेळ वाचावा म्हणून.

मंगळवारी पिंजरा रिकामा. बुधवारीही रिकामा, तुकडे जसेच्या तसे. मी कॅमेऱ्याचं कार्ड काढून बोटीतच बघितलं. मादी फळीवर चढली, पिंजऱ्याच्या तोंडाशी आली, वास घेतला. मग पुढच्या दोन्ही पंजांनी नाक पुसलं आणि पाण्यात उडी मारली. दोन रात्री, तीन वेळा, अगदी तसंच.

जोडीदारानं माझ्या खांद्यावरून बघितलं. "तू तिला खायला काय घालते आहेस?"

मी रताळ्यांचा डबा उघडून नाकाशी धरला. काकूंचा डबा. ठेचा रविवारीच दुसरीकडे काढून ठेवला होता, डबा दोनदा डिशवॉशरमधून काढला होता. दह्याचा धडधाकट डबा फेकून द्यायचा हे आपल्या हातून होत नाही. लसणाचा आणि हिरव्या मिरचीचा वास जसाच्या तसा होता.

मी डबा त्याच्यापुढे केला. त्यानं हुंगला आणि तोंड फिरवलं. "मी तर खाल्लं असतं," तो म्हणाला. "पण ती बिचारी इथल्या अन्नावर वाढली आहे."

"चूक माझी आहे," मी म्हटलं. "आजचा दिवस आहे अजून."

तुकडे पिशवीत बांधले. पिंजरा आणि फळी काठावरच्या चिखलानं घासली, धुतली, पुन्हा घासली. बोट धक्क्याला लावून गावातल्या दुकानातून नवी रताळी आणली. सुरीही चिखलानं घासून घेतली आणि रताळी बोटीतच कापली. ओळखीचा वास यावा म्हणून तिच्या बिळापाशी पडलेल्या लेंड्या रबरी हातमोज्यानं उचलून फळीवर ठेवल्या. दुपारचे तीन वाजले. माझे गुडघे भिजले होते आणि जेवणाचा डबा खायचा राहिला होता.

गुरुवारी उजाडताच निघालो. पाणकणसांच्या वळणावर इंजिन बंद करून वल्ह्यानं पुढे गेलो. पिंजरा हलताना लांबूनच दिसला.

ती आत होती, अंग चोरून बसलेली. जोडीदारानं माझ्याकडे बघितलं. पिंजरा माझा, म्हणून गोळीही माझी. अशा वेळी लांबवणं त्या जनावरासाठीच वाईट. मी बोट स्थिर होऊ दिली, डोक्यावर नेम धरला, आणि एका गोळीत काम झालं. धक्क्यावर आणून तिचं पोट उघडलं. नोंदीसाठी ते करावंच लागतं. पाच पिल्लं होती, अंगावर केस आलेली. व्यायला फार तर चार-पाच दिवस उरले होते. दुपारी सापळे उचलले.

पुढच्या महिन्यात मी पाणातिपाताचं पहिलं शील सगळ्यांबरोबर म्हटलं, नेहमीच्याच आवाजात. बंदूक आणि हे शील एकमेकांत बसत नाहीत, मला ठाऊक आहे. मी बसवायलाही जात नाही. दोन्ही माझीच आहेत.

जेवताना काकू शेजारी बसल्या. "डबा कुठे आहे माझा?"

मी झालेलं सगळं सांगितलं. त्या इतक्या हसल्या की पाणी प्यावं लागलं. मग हळूच विचारलं, "गाभण होती म्हणतेस. किती?"

"पाच."

काकूंनी भाकरीचा तुकडा मोडला आणि ताटातच ठेवला.

"अन् बांध?"

"आहे उभा."

त्यांनी माझ्या ताटात आणखी एक भाकरी टाकली. निघताना हातात दिला तो काचेचा डबा होता.