ऐरणीचा नाद

आक्काचा फोन सहसा येत नाही. तिच्या वतीनं दाजीच फोन करायचे. त्या दिवशी तिचा आला तेव्हा मी इस्लामपुरात भाजी घेत उभा होतो. ती एवढंच म्हणाली, "गोठ्यातली ठकठक थांबली म्हणून चहा घेऊन गेले... तर हे भिंतीला टेकून बसल्यालं. हातोडा हातातच हुता." भाजी तिथंच टाकून मी कोरेगावची एसटी धरली.

दाजी म्हणजे माझ्या या थोरल्या बहिणीचे यजमान. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि कोरेगावात राहिले. म्हैस विकल्यावर रिकामा गोठा त्यांना बघवेना. तिथं हौसेनं लोखंडकाम करायचं त्यांच्या मनानं घेतलं, आणि त्यासाठी एक लहानशी, जुनीच ऐरण हवी झाली. नवी का नको, असं मी विचारलं तर म्हणाले, "पाव्हणं, रंगरूट नको. मार खाल्लेला जवान पायजे." मग आम्ही दोघं सांगलीच्या भंगार बाजारात. वर्तमानपत्रात रोज कुठला ना कुठला प्रश्न ऐरणीवर आलेला वाचून मला ऐरणीतलं कळतं, असा माझा समज होता. रंग दिलेली एक चकचकीत ऐरण मी लगेच पसंत केली. दुकानदार चाचांनी मला बाजूला सारलं, कोपऱ्यातली एक गंजकी, एका टोकाला निमुळती ऐरण पुढं ओढली आणि तिच्यावर हातोडीनं हलकेच टिचकी मारली. टण्ण... आवाज कितीतरी वेळ हवेत राहिला. "रंग काय बघताय? नाद ऐका. चीर गेल्याली आसंल तर बद्द वाजती." मग त्यांनी वरून बेअरिंगची गोळी सोडली. चांगल्या ऐरणीवर ती उसळते म्हणे. उसळली, आणि ती शोधत मी हातगाड्यांखाली रांगत फिरलो. त्या खरेदीतलं माझं कर्तृत्व एवढंच.

येताना एसटीत कंडक्टर आमची पिशवी पायानं सरकवायला गेला आणि पाय धरून खाली बसला. "आवं, पिशवीत काय देव घेतलाय का?"

"व्हय," दाजी म्हणाले, "बसवायचाय अजून."

देव बाभळीच्या ओंडक्यावर बसला. खंडेनवमीला आक्कानं त्याला हळदकुंकूही वाहिलं, पण तिची कुरकुर थांबेना. चहाला हाका मारून तिचा घसा बसायचा, आणि त्या टणटणाटात दाजींना काही ऐकू जायचं नाही. चहा रोज गार. शेवटी ती म्हणाली, "तुमचा नाद मी सोशीन, तिचा न्हाई." दाजींनी वाद घातला नाही. म्हशीची साखळी खुंटीला होती, ती काढून ऐरणीच्या कमरेला घट्ट गुंडाळली. नाद गेला, नुसती ठकठक उरली. "एक काळी गेली, दुसरी बांधली," आक्का म्हणाली, पण त्या दिवसापासून चहा गरम प्यायला जाऊ लागला.

मी गेलो की मलाही हातोडा मिळायचा. लाल झालेली सळई ऐरणीच्या निमुळत्या टोकावर वाकवून भिंतीचे आकडे करायचे. माझ्या आकड्याला काहीच अडकत नसे. दाजी तो उलटसुलट करून बघत आणि म्हणत, "अडकंल, पाव्हणं. तशी वाकडी वस्तू तेवढी मिळाया पायजे." त्यांचे स्वतःचे आकडे मात्र झकास व्हायचे. इतके झाले की आक्काच्या घरात टांगायला वस्तू पुरेनात... मग एका आकड्याला उरलेले आकडे टांगले.

दिवसकार्य उरकल्यावर काही आठवड्यांनी पुन्हा कोरेगावला गेलो. गोठ्याचं दार बंदच. "ऐरण तू घेऊन जा," आक्का म्हणाली. "बघितली की जीव कासावीस हुतोय." गोठा उघडून मी वाकलो. ऐरण हलली नाही, माझी कंबर तेवढी हलली. निदान साखळीचं ओझं कमी करावं म्हणून ती सोडली आणि आधाराला ऐरणीवर हात टेकला, तर वर उभा ठेवलेला हातोडा कलंडून तिच्यावरच आदळला.

टण्ण...

आक्का दारात होती. नाद पुरता विरेपर्यंत ती हलली नाही. मग म्हणाली, "ऱ्हाऊ दे रं तिला. साखळी तेवढी घेऊन जा."

साखळी आता माझ्याकडं आहे. मी केलेल्या आकड्याला टांगली होती, दोनदा पडली. आक्का मात्र रोज दुपारी चहा उतरवला की गोठ्यात जाते, ऐरणीवर एक ठोका देते, नाद विरेपर्यंत थांबते आणि मग चहा ओतते. एका कपात की दोन, ते मी तिला विचारलेलं नाही.