टायमिंगची चेन आणि दादांचा भोंगा

दादांनी ट्रकची किल्ली माझ्या तळहातावर ठेवली, पण लगेच सोडली नाही. थोडा वेळ आम्ही दोघेही ती धरून उभे होतो. एकोणीस वर्षांपूर्वी मी त्यांची नवी सायकल बारवेत (पायऱ्यांच्या विहिरीत) घातली होती. त्यानंतर चाक असलेली कुठलीही वस्तू त्यांनी माझ्या हाती दिली नव्हती. पण धाकट्या बहिणीच्या सासरी, औरंगाबादेजवळ हर्सूलला, लग्न होतं. तिथे स्वयंपाकाची मोठी भांडी पोचवायची होती आणि दादांची कंबर धरली होती.

“दर मुक्कामाला ऑइल बघायचं,” ते म्हणाले. “आणि भोंगा जपून वाजव.”

ट्रक लष्कराच्या लिलावातला, पेट्रोलवर चालणारा, परदेशी बनावटीचा. भोंगा मात्र दादांनी स्वतः हौसेने बसवलेला. उजव्या दाराबाहेर, पितळी, रबरी फुग्याचा. तो ते रोज चिंचेने घासत. वहिनींच्या देवघरातलं पितळसुद्धा इतकं चकाकत नसे.

नगर सोडलं तेव्हा उन्हं कोवळी होती. गोदावरी ओलांडली की निजामाच्या वेळी करोडगिरीचा नाका (जकातीची चौकी) लागायचा. पोलीस ॲक्शनला आता दहा-बारा वर्षं झाली होती आणि नाक्याच्या खोलीत एकाने चहा-भज्यांचं दुकान टाकलं होतं. तिथे थांबलो. भजी गरम होती. ऑइल बघायचं राहिलं. आठवलंच नाही असं मी पुढे बऱ्याच जणांना सांगितलं, पण ते खरं नाही. आठवलं होतं. हाताला तेल आधीच लागलेलं होतं, भज्यांचं, आणि तेवढ्यावर मी समाधान मानलं.

गंगापूरच्या फाट्यावर शंभरेक मेंढरं रस्ता अडवून उभी होती. मागून एक धनगर घोगऱ्या आवाजात हाका मारत होता आणि एकही मेंढरू त्याला विचारत नव्हतं. मी भोंगा दाबला. सगळी मेंढरं एकदम वळली आणि शिस्तीत बाजूला झाली. धनगर माझ्याकडे बघतच राहिला. मला उगाच अभिमान वाटला.

तो अभिमान दोन मैलही टिकला नाही. मागच्या भांड्यांच्या खडखडाटातून इंजिनाच्या तोंडाकडची खळखळ कानावर आली, डब्यात चिंचोके हलवावेत तशी. मी मोठ्याने रामरक्षा म्हणू लागलो. रामरक्षा संपली, आवाज संपला नाही.

हर्सूलला भांडी उतरवून ट्रक बाजूला लावत होतो तेव्हा मेहुण्यांनी विचारलं, हे काय वाजतंय. मी म्हणालो, भांडी. ते एकदा रिकाम्या ट्रककडे आणि एकदा अंगणातल्या भांड्यांकडे बघून घरात गेले.

दुसऱ्या दिवशी औरंगाबादच्या शहागंजात रशीद मिस्त्रींचं दुकान शोधून काढलं. दाढी पांढरी, बोटं काळी. त्यांनी लांब पेचकस घेतला, त्याचं टोक इंजिनाला लावलं, मूठ कानाला, आणि डोळे मिटले. वैद्य नाडी बघतो तसंच सगळं.

“कबसे बजरी ये?” (कधीपासून वाजतेय?)

“कालपासून,” मी म्हणालो. ऑइलचं बोललो नाही.

त्यांनी पुढचं झाकण उघडलं. आत टायमिंगची चेन होती. इंजिनाच्या झडपा कधी उघडायच्या आणि कधी मिटायच्या हे ठरवणारी ही साखळी. ती ढिली पडून झाकणावर घासत होती. झाकणात बोटभर चर पडला होता. मिस्त्रींनी त्यावरून बोट फिरवलं आणि हा चर एका दिवसात पडलेला नाही, असं त्यांच्या दक्खनीत सांगितलं. म्हातारा माझं मन राखतोय, असं मला वाटलं.

ही चेन आता नवी मिळत नाही, ते पुढे म्हणाले. तुटली तर इंजिनच जाईल. मात्र याच जातीचं एक इंजिन गंगापूरला एका धनगराच्या विहिरीवर पाणी उपसायला बसवलेलं आहे, आणि विहीर दोन वर्षांपासून आटली आहे. बघा, देतो का.

त्यांनी मला जेवायला बसवलं. नान-खलिया (भट्टीतली जाड रोटी आणि मटणाचा रस्सा). इतकं चविष्ट मी क्वचितच खाल्लं असेल. तिसऱ्या नानला आठवलं की आज गुरुवार आहे आणि माझा उपास आहे. चौथा नान मी पश्चात्तापाने खाल्ला, पण खाल्ला.

एसटीने गंगापूर गाठलं. विहिरीच्या काठावर बसलेला धनगर तोच होता, मेंढरांवाला. नाव बिरू. मी पैशांचं बोलू लागलो तर त्याने हात हलवला.

“काल फाट्यावर तुमीच वाजवला न भोंगा?”

“हो.”

“त्यो द्या. चेन घिऊन जा.”

मी म्हणालो, तो माझा नाही, माझ्या भावाचा आहे.

“मेंढरं माजी हायेत, पर ऐकत्यात त्या भोंग्याचं,” बिरू म्हणाला. “घसा बसलाय माजा, मालक. दोन सालं झाली. बायकू म्हंती, तुमी बोलताय का खोकताय तेबी कळंना.”

एकीकडे इंजिन, दुसरीकडे भोंगा. इंजिनाशिवाय ट्रक चालत नाही, भोंग्याशिवाय चालतो, असा हिशेब मी मनाशी केला. दादांनी तो हिशेब वेगळा केला असता हे मला तेव्हाही ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा एसटीत, मांडीवर दादांचा भोंगा. प्रत्येक स्टॉपहून गाडी सुटली की कोणीतरी हात लांबवून तो दाबी आणि ड्रायव्हर दचकून ब्रेक मारी. बिरूने चेन काढून तयार ठेवली होती. मिस्त्रींनी शिकवल्याप्रमाणे मी ती आडवी धरून पाहिली. झिजलेली चेन लोंबते, ही ताठ राहिली. निघताना मागून भोंगा ऐकू आला आणि पाठोपाठ मेंढरांच्या पायांचा आवाज. मी वळून पाहिलं नाही.

मिस्त्रींनी चेन बसवली. इंजिन असं चालू लागलं की चालू आहे का, म्हणून मी दोनदा विचारलं. मग त्यांनी जुनी चेन फडक्यात बांधून माझ्यापुढे धरली. मला ती नको होती. दादांना काही कळू द्यायचंच नाही, असं मी ठरवलं होतं.

“जुना पुर्जा मालक के हाथ में,” ते म्हणाले. त्यांच्या वडिलांपासूनचा रिवाज होता तो. काढलेला भाग मालकाने डोळ्यांनी बघायचा.

ती चेन टाकून देणं मला जमलं नाही. चहाच्या दुकानात बाकाखाली ठेवून निघालो, तर दुकानदार धापा टाकत मागे आला. पहाटे हर्सूलच्या तलावाकडे गेलो. शेजारी तुरुंग आहे हे लक्षात आलं तेव्हा एक वॉर्डर समोर उभा होता. तुरुंगाच्या भिंतीजवळ पहाटे एक माणूस आणि त्याच्या फडक्यात साखळी. त्याने मला खाली बसवलं. मी ऑइलपासून उपासापर्यंत सगळं सांगितलं. त्याने मध्ये एकदाही अडवलं नाही.

“चेन बुडवून काय व्हणार?” तो शेवटी म्हणाला. “भाऊ तर घरीच हाय न.” आणि फडक्याला गाठ मारून चेन माझ्या हातात दिली.

परतीच्या वाटेवर ट्रक पाण्यासारखा वाहत होता. गोदावरीला थांबून ऑइल पाहिलं. भजी खाल्ली नाहीत. दिवेलागणीला दादांच्या दारात गाडी उभी केली तरी घरातून कोणी बाहेर आलं नाही. दार वाजवावं लागलं.

“अगंबाई, भाऊजी!” वहिनी म्हणाल्या. “आवाज कसा आला नाही? ट्रक गल्लीच्या नाक्यावर आला की ती खळखळ ऐकू येते, मग मी चहा टाकते. तीन वर्षं झाली.”

मी चार दिवस जे लपवत होतो ते सगळ्या गल्लीला पाठ होतं. दादा कंबर धरून बाहेर आले आणि चालू ट्रकच्या बॉनेटला कान लावून उभे राहिले. मी सीटखालून चेन काढून त्यांच्या हातात दिली. ऑइल, रामरक्षा, मेहुण्यांना मारलेली थाप, सगळं कबूल केलं. भोंग्याचं तेवढं राहिलं. त्यांनी चेन आडवी धरली. ती लोंबली.

“जुनीच आहे खळखळ,” ते हळू आवाजात म्हणाले. “उघडून बघायची छाती होत नव्हती. तुला गाडी देताना वाटलं, वाटेत तुटलीच तर...”

“तुमच्या माथी मारता येईल,” वाक्य वहिनींनी माझ्याकडे बघत पुरं केलं.

दादा जमिनीकडे बघू लागले. एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच आमच्या दोघांत चुकलेला माणूस मी नव्हतो. बारवेत पडलेली ती सायकल कोणीतरी वर काढल्यासारखं वाटलं मला.

मग ते हसले. “आता हिच्या चहाचं कसं करायचं? असं करू. नाक्यावर आलं की भोंगा द्यायचा. वाजव बरं एकदा, हिला ऐकू दे.”

मी उजव्या दाराला पाठ लावून उभा होतो, तसाच राहिलो. गंगापूरला या वेळी मेंढरं एका हाकेत घराकडे वळत असतील.

“दादा,” मी म्हणालो, “तुम्ही आधी खाली बसा. कंबर धरलीय तुमची.”