चष्म्याशिवाय वाचलेली जाहिरात

मंगळवारी दुपारी शेजारच्या मेघनावहिनींनी बिडाच्या तव्याची बॅनर जाहिरात सहाव्यांदा केली. ती त्यांच्या पाककृतींच्या ब्लॉगवर लागणार होती. तिच्यावरून आठवड्यात एकही तवा विकला गेला नाही, तर तव्याची कंपनी त्यांना विक्रीमागे कमिशन देणाऱ्या अ‍ॅफिलिएट योजनेतून वगळणार होती.

त्यांनी मोबाइल सासूबाईंसमोर हातभर लांब धरला. सासूबाईंनी चष्मा लावायचा नाही, असा नियम होता.

“काय दिसतंय, आई?”

“तवा. बाकी सगळ्या मुंग्या.”

वहिनींनी मुंग्या पुसल्या. स्वतःची वाक्ये इतक्या शांतपणे खोडणारे माणूस मी वृत्तपत्राच्या कचेरीतही क्वचितच पाहिले. सांगण्यासारखे बरेच असताना थांबणे म्हणजे वाचणाऱ्याचा मान राखणे. शेवटी तवा, त्यावर जाळीदार घावन आणि ‘चिकटत नाही’ एवढेच उरले.

शुक्रवारी सकाळी या जाहिरातीवरून पहिला तवा विकला गेला.