गोधडीखालचा साबण

साबणखालाने मला फसवलं. हे मी सरळच सांगते, कारण रोहिणखेडात तिचं नाव निघालं की लोक अजूनही मान हलवून म्हणतात, फार साफ दिलाची बाई होती. असेल. जगाशी असेल. मला मात्र तिने फसवलं, तेही तिच्याच घरात, डोळ्यांत डोळे घालून, हातावर हात देऊन. प्रश्न पैशाचा नाही. पैशात मला फसवेल असा माणूस शेगावच्या बाजारात अजून दुकान लावायचा आहे.

सगळं गाव तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणायचं. खाला साबण चाखायची. म्हणजे खरोखर जिभेला लावायची. घरी केलेला साबण तेल आणि कॉस्टिक सोड्याच्या पाण्याचा. ओतल्यावर दुसऱ्या दिवशी तो कापता येतो, दिसतोही छान, पण त्यातला सोडा निवायला कितीतरी आठवडे जावे लागतात. तोवर जीभ लावली तर टॉर्चच्या सेलला लावल्यासारखी झिणझिणते. खाला वडीची कड जिभेला टेकवायची, डोळे मिटायची, आणि तिचा निकाल येईपर्यंत मी खरेदीदार असून आरोपीसारखी उभी राहायची. मग ती चूळ भरून म्हणायची, "हाव, झाला," किंवा "नाई, अजून टोचते." टोचणारा साबण ती कोणालाच द्यायची नाही. मी कितीही घाई केली तरी एकच बोलायची, "जिभेले टोचला तं अंगाले कसा सोडीन वं?"

तिचं घर जुन्या मशिदीच्या मागच्या गल्लीत. एक खोली, पुढे ओटा, ओट्याखाली कोंबड्यांचं खुराडं. खोलीत एकुलती एक बाज, सुंभाने विणलेली, आणि त्या बाजेवर खाला कधी झोपली नाही. खालून वारा लागतो म्हणून तिथे साबणाच्या वड्या वाळायच्या आणि खाला खाली सतरंजीवर. सरकीच्या तेलाच्या पांढऱ्या वड्या, करंजाच्या पिवळसर, मोहाच्या तेलाच्या जरा मऊ. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. शेजारी पुतण्याची बायको शबाना, तिचा काय तो आधार.

मी तिच्याकडे पहिल्यांदा गेले तेव्हा माझं दुकान नव्हतं. मोताळ्याजवळच्या आमच्या गावातून टोपली घेऊन निघायचं आणि आठवडी बाजारांत शिकेकाई, रिठे, मुलतानी माती विकायची, एवढाच माझा धंदा. सासर सोडून आले होते. माहेरच्या बौद्धवाड्यात आईच्या घरी जागा होती, पण मान नव्हता. त्यामुळे कोणी बोललं की मी दुप्पट बोलायची. त्या दिवशी खालाने वड्यांचा भाव सांगितला. मी त्याच्या निम्मा सांगितला. ती रागावली नाही. माझ्या पायांकडे बघत म्हणाली, "भाव मंग करजो. अगोदर ह्या टाचा पाह्य. उन्हाळ्यातल्या वावराले इतल्या भेगा नसतीन."

मी काही बोलायच्या आत तिने मला ओट्यावर बसवलं, पाय मांडीवर घेतला आणि मेण नि तिळाच्या तेलाचं तिचं मलम भेगांत भरायला लागली. एखाद्याच्या हातात आपला पाय असताना भाव पाडता येत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. मी तिच्या भावाने माल घेतला. घरी येईपर्यंत संतापले होते. हा डाव तिने मुद्दाम टाकला असं मला तेव्हा वाटलं आणि अजूनही वाटतं. पण टाचा भरून आल्या, हे नाकारता येत नाही. पुढे कितीतरी वर्षं मी दारात चप्पल काढली की ती आधी माझ्या टाचा बघायची आणि धंदा कसा चाललाय ते न विचारता ओळखायची.

आम्ही भांडायचो मात्र पोटभर. भाव ठरवायला भांडण लागतंच, असं नाही. आम्हाला ते आवडायचं. आणि त्या भांडणाला खालाचा एक कायदा होता. ओतलेला साबण ती लाकडी खोक्यात ठेवून, खोक्याला गोधडी गुंडाळून कोपऱ्यात निजवायची. आतली ऊब टिकली पाहिजे. तो निजलेला असेपर्यंत त्या खोलीत मोठ्याने बोलायचं नाही आणि गोधडी उचलायची नाही. कच्चा साबण भांडण ऐकतो आणि फाटतो, असं तिचं म्हणणं. मी हसले होते. मग एकदा मी आत आवाज चढवला आणि नेमका त्याच वेळी साबण फाटला, तेल वर आणि पाणी खाली. सोड्याचं पाणी जास्त निवलं होतं, दुसरं काही नाही. पण खालाने गल्लीभर करून सांगितलं, "शोभीनं माहा साबण फाडला हो!" लोक मला तोंडावर विचारायला लागले. तेव्हापासून ठरलं. मी आवाज चढवला की ती बोट दाराकडे करायची, "भांडाचं अशीन तं बाहीर." मग आम्ही दोघी बाहेर खुराड्यापाशी उभ्या राहून भांडायचो, कोंबड्या घाबरून ओरडायच्या, शबाना चहा आणायची आणि अर्धी गल्ली ऐकायला जमायची.

"तुह्या साबणाले तं फेसच नाई, खाला."

"तुह्या तोंडाले हाय ना, तेवढा पुरते."

मी यावर चिडून निघाले की ती मागून हाक मारून कापताना उरलेली वाकडी कातरणं माझ्या पिशवीत टाकायची. ती कातरणं मी कधी विकली नाहीत. माझं अंग त्याच साबणावर आहे.

पुढे मी शेगावला मंदिराच्या रस्त्याला छोटं दुकान घेतलं. साबण, उटणं, केसांचं तेल. मागच्या खोलीत मी राहते. एका उत्सवाच्या आधी दुकानात माल नव्हता. खाला पिठाच्या गिरणीवर गेली होती, तेवढ्यात मी बाजेवरच्या वड्या पिशवीत भरल्या आणि बस पकडली. गर्दी काही साबण वाळायची वाट बघत नाही. दुसऱ्या दिवशी दुकान गिऱ्हाइकांनी भरलेलं, आणि नांदुऱ्याला गाडी बदलून खाला दारात हजर.  गिऱ्हाइकांच्या हातातल्या वड्या काढून घेत म्हणाली, "कच्चा हाय, मायबाई. ठेवा खाली. ही पोरगी चांगली हाय, पण इले दम नाई." लोक हसले. मी तिला जवळजवळ ओढतच मागच्या खोलीत नेलं, कारण तिथे कुठला साबण निजलेला नव्हता आणि मला ओरडायचं होतं.

पण खाला खोली बघत राहिली. एक ताट, एक पेला, एक उशी.

"एकच ताट हाय वं तुह्याजवळ?"

"पाहुणे येत नाहीत."

"मंग मी कोण हाय?"

मी ओरडायचं विसरले. पुढच्या खेपेला ती येताना स्टीलचं ताट घेऊन आली. भांड्याच्या दुकानातून त्यावर स्वतःचं नाव कोरून घेतलेलं. म्हणाली, "हे माहं. ह्याच्यात दुसऱ्याले वाढजो नको." त्यानंतर ती कधीमधी यायची, त्या ताटात माझ्या हातची भाकरी नि ठेचा खायची, तिखट कमी म्हणून नावं ठेवायची आणि संध्याकाळच्या गाडीने परत जायची. शेगावात रोज हजारो माणसं येतात. माझ्या दुकानावरून जातात, थोडी थांबतात, आणि आपापल्या गाड्या पकडून घरी जातात. मागच्या खोलीपर्यंत आलेलं माणूस एकच.

शेवटच्या वर्षात तिने चाखणं सोडलं. वडी माझ्यापुढे धरून म्हणाली, "घे, आता तू चाख."

"काऊन?"

"काऊन म्हंजे? माही जीभ काय जन्मभर भाड्यानं घेतली का तू?"

मला आनंद झाला. इतक्या वर्षांनी तिने मला धंद्याच्या आतल्या खोलीत घेतलं असं वाटलं. मी वडी जिभेला लावायची आणि नसलं तरी टोचतंय म्हणायची, म्हणजे भाव पाडता येईल. ती ओढणीचा पदर तोंडाशी धरून हसायची. तो पदर हळूहळू तोंडावरच राहायला लागला. चहा पार निवेपर्यंत ती पेल्याला हात लावायची नाही. ठेच्याला नावं ठेवणारी बाई भाकरी वरणात कुस्करून गिळायला लागली. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "दात दुखते." वड्या बाजेवर होत्या, पण सगळा जुना माल. नवा का नाही, तर म्हणे, "तेल चांगलं नाई भेटून राह्यलं." प्रत्येक प्रश्नाला तिचं उत्तर तयार.

आणि मग तो दिवस. मी गेले तर खाला सतरंजीवर आडवी. हाताची नुसती काडी झालेली, गाल एका बाजूने सुजलेला, शब्द जाडसर येत होते. मी पिशवी टाकली आणि म्हणाले, "ऊठ. आत्ताच्या आत्ता गाडी करते. अकोल्याला जायचं." ती नाही म्हणाली. मी आवाज चढवला. तिने बोट वर केलं आणि कोपऱ्याकडे दाखवलं. तिथे खोका होता, तिची ती लाल-हिरवी गोधडी नीट गुंडाळलेला.

"हळू," ती म्हणाली. "कालच ओतला."

मी गप्प झाले. मग बसून तिच्या कानाशी भांडले. कुजबुजत भांडण करून बघा कधी. त्यात काही दमच राहत नाही. शिव्यासुद्धा लाडाच्या वाटतात.

"मग बाहेर चल," मी म्हणाले.

"आज उठवत नाई, बेटा. दोन दिस जाऊ दे. साबण कापला का येजो, भांडजो पोटभर. तू म्हनशीन तठी येते."

"कबूल?"

"कबूल." तिने हात पुढे केला. मी हातावर हात ठेवला. मग ती म्हणाली, "ह्या खेपेचा भाव तूच सांगजो."

भाव तूच सांग, असं खाला म्हणाली. इतक्या वर्षांत जी बाई एका रुपयासाठी मला उन्हात उभं करायची, ती. मालाला हात लावल्याशिवाय मी कधी सौदा केला नाही, आणि त्या दिवशी माल हाताच्या अंतरावर होता. पण निजलेल्या साबणाची गोधडी उचलायची नसते, हे तिनेच मला शिकवलं होतं.

ठरल्या दिवशी मी गाडी सांगून ठेवली होती. निघायच्या आधी शबानाचा फोन आला. मी पोहोचले तेव्हा पुरुष तिला कब्रस्तानात घेऊन गेलेले होते. खोलीत बायका बसल्या होत्या.  साबण कापायचा राहिला होता, वेळ गेला की तो दगडासारखा होतो, मग कापायची तार चालत नाही. मी कोपऱ्यात बसले आणि गोधडी सोडली.

खोक्यात कागद अंथरलेला होता, कोपरे तिच्या पद्धतीने घडी घालून दाबलेले. आत काही नव्हतं.

शबाना माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "शोभाताई, खालानं उन्हाळ्यापासून साबण केलाच नाई. घोटाचा चाटू धरवत नव्हता हातात."

"मग हे काय?"

"त्या दिवशी तुमी येनार म्हनून मले रिकामा खोका गुंडाळून ठेवाले लावला. म्हने, शोभी आली का कल्ला करीन, मले दवाखान्यात ओढत नेईन. तठी अनोळखी मानसांत मले मराचं नाई." मग तिने सांगितलं की तोंडातलं दुखणं फार पुढे गेलंय, इलाज लांबचा आहे आणि खात्री नाही, असं बुलडाण्याच्या डॉक्टरने खालाला केव्हाच सांगितलं होतं. गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. सगळ्यांना तिने एकच बजावलं होतं, शोभीला कळू द्यायचं नाही.

खात्री नाही म्हणजे काय? माझ्या आयुष्यात खात्रीची गोष्ट कुठली होती? टोपली घेऊन निघाले तेव्हा खात्री होती? मी डॉक्टरशी भांडले असते. दुखण्याशी घासाघीस केली असती. एक वर्ष मागितलं असतं, सहा महिन्यांवर आले असते, अगदी एका हंगामावर सौदा तोडला असता. भाव पाडणं हे एकच काम मला येतं, आणि ज्या एका सौद्यात ते कामाला यायला हवं होतं तिथे तिने मला तोंडच उघडू दिलं नाही.

आता दुकान चालतं. माल दुसरीकडून येतो, सुवासिक, कागदात गुंडाळलेला, त्याला चाखावं लागत नाही. गिऱ्हाईक मोबाइलवर दर दाखवतं आणि मी द्यायचं ते देते. घासाघीस करण्याइतकं कोणी माझ्यापुढे टिकत नाही. टाचा पुन्हा फुटल्या आहेत. तिचं ताट फळीवर आहे. त्यात मी कोणाला वाढत नाही, वाढायला कोणी येतही नाही. शेवटच्या कातरणांतलं एक उरलंय. त्याला पाणी लावायची हिंमत होत नाही.

रोहिणखेडला मी अजून जाते. कब्रस्तानात बायका जात नाहीत, म्हणून भिंतीबाहेर उभी राहते. रस्त्याने जाणारे बघतात, बघू देत.

खाला, भांडायचं असेल तर बाहेर, हा तुझा कायदा. मी बाहेर उभी आहे. इथे कुठला साबण निजलेला नाही, फाटायला काही उरलेलं नाही. हातावर हात देऊन तू कबूल केलं होतंस की पोटभर भांडू देशील. मग आता बोल. रिकाम्या खोक्याले गोधडी पांघरून तू मले काऊन गप केलं? साऱ्या गल्लीले सांगितलं, मलेच काऊन नाई? जवाब दे, खाला. जवाब घेतल्याबिगर मी इथून हालत नाई.