कळसची कॅसेट

आमचे हे, गंगाराम, बारामतीला एस्टी डेपोत मेकॅनिक. घर लासुर्ण्यात. माणूस कामाचा, पण सुट्टी घालवायची दुसऱ्याच्या वरातीत! ना नात्याचं लगीन, ना आवतन. निरवांगीच्या सोपानची बेंजो पार्टी जितं, तितं ह्यांची एम-एटी गाडी हजर. पिशवीत टेप घ्यायचा आन् बेंजोच्या म्होरं जाऊन हुबं ऱ्हायचं.

"अवो, लाज कशी वाटत न्हाय?" म्हणलं तर म्हणायचे, "भागू, ठरल्यालं गाणं कोणबी वाजवतंय. गाणं सोडून सोपान कुठं भटकतो आन् भिमाची ढोलकी त्याला कुठं गाठती, त्यात खरी गंमत हाय. आज सोनं वाजवतील, उद्या माती. सोन्याच्या दिवशी आपुण तितं नको व्हय?"

ह्यांच्यासारखे आणखी तिघं-चौघं व्हते. वरात संपली की चहाच्या गाड्यावर बसून टेप ऐकायचे आन् निकाल लावायचे. शेवटचा शब्द ह्यांचा. 'जमली' म्हणले की कॅसेटवर गावाचं नाव लिवून ती माझ्या साड्यांच्या कप्प्यात जायची. 'घसरली' म्हणले की पुसायची आन् तिच्यावरच पुढची वरात भरायची. जसं काय हेच मोठे जज्ज लागून गेल्यात!

शहाण्णवच्या मे महिन्यात कळस गावच्या वरातीवरनं हे भर दुपारी तणतणत घरी आले. "भिमा पिऊन आलता! डावा हात मांडीवर टाकून एका हातानं नुसतं टप टप. सोपानबी त्याच्या मागं फरफटत चाललेला. निम्म्यातनंच उठून आलो." आठ दिवसांत ती कॅसेट पुसलीबी. भिमा पितो, ही बातमी ह्यांच्याच तोंडनं चार गावं फिरली. त्या पार्टीकडं मग हे फिरकलेच न्हाईत.

जुलैत एका सकाळी सोपान दारात उभा. "जयभीम वहिनी," म्हणला. मी दिलेल्या पाण्याला हात लावला न्हाय. "गंगारामभाऊ, कळसची कॅसेट पायजे. भिमानं मागितलीया."

हे हसले. "कळसची? अरं, सगळ्यात भिकार वाजवलंत त्या दिवशी. दुसरी ने की एखादी."

"तीच पायजे," सोपान म्हणला. "त्या दिवशी टेंपोत वाजवता वाजवताच त्याचं डावं अंग गेलं. मी बेंजो थांबवाय लागलो, तर मान हलवून नको म्हणला. मग मी समदी गाणी सोडली. त्याच्या एका हाताला झेपंल तेवढंच वाजवीत गेलो, तासभर. तसं मला परत जमलं न्हाय. डॉक्टर म्हणले, तवाच आणायला पायजे व्हता. आता तो हात काय उठत न्हाय."

बाई गं! ह्यांचं तोंड पांढरंफटक. "मला वाटलं, पिऊन..." एवढंच बोलले.

"भिमा? थेंबाला शिवला न्हाय तो जन्मात!"

मला असा संताप आला म्हणता! एवढी वर्षं हे त्या माणसाच्या पुढ्यात उभं ऱ्हायले, पण तो पितो का न्हाय, हे एका शब्दानं इचारलं नव्हतं. "सांगा की आता, काय केलंत त्या कॅसेटचं!" मीच म्हणले. सांगितलं ह्यांनी, खाली बघून. सोपान भिंतीला टेकला. मग म्हणला, "मला न्हाय सांगता यायचं त्याला. तुमीच चला."

मीबी गेले संगं. निरवांगीत भिमा बाजेवर पडलेला, तोंड एका बाजूला वाकडं. ह्यांनी बाजेजवळ खालीच बसकण मारली. "भिमा, पुसली रं मी. घसरली म्हणून पुसली. तू पिऊन आलतास असं गावभर सांगितलं."

भिमाला एकेक शब्द जुळवायला वेळ लागत व्हता. आमी समदे थांबलो. आता ह्यो शिव्या घालणार, आन् घालाव्याच, असं वाटत व्हतं.

"तुमी... मदीच... उठून गेला," तो म्हणला. "मला वाटलं... कॅसेट संपली, नवी आणाया गेला. येतील आता भाऊ... म्हणून मी थांबलोच न्हाय."