प्यायचं पाणी

गल्लीत त्यांना सगळे पाणीवाले म्हणतात. नवखा माणूस रिकामा डबा घेऊन दारात येतो, आणि समोर भट्टी, ऐरण नि भिंतीभर टांगलेल्या कात्र्या बघून ओशाळतो. माणूस कात्र्या घडवणारा, मग हे नाव आलं कुठून? ते सांगायला त्यांच्या बायकोला भारी आवडतं. ती सांगायला लागली की पाणीवाल्यांना नेमकं भात्याचं काहीतरी दुरुस्तीचं काम आठवतं.

तेव्हा ते तरुण होते. हात सोन्याचा, पण स्वभाव असा उतावळा की समोरच्याचं बोलणं अर्ध्यात आलं की यांचं काम सुरू. एका दुपारी एक शिवणकाम करणारी मुलगी उन्हातून तापून आली. तिच्या कात्रीचा खिळा ढिला झाला होता. मुलगी डावखुरी, आणि डाव्या हाताची कात्री म्हणजे पाती उलट बसवलेली. तशी दुसरी अख्ख्या बाजारात नव्हती. नाटक मंडळीचा मखमली पडदा तिला सकाळपर्यंत कापून द्यायचा होता. पहिलंच मोठं काम होतं तिचं.

यांनी खिळा काढून पाती वेगळी केली. मुलगी कपाळ पुसत म्हणाली, "जरा पाणी द्या हो."

आता, या धंद्यात पोलादाला पाणी देणं म्हणजे लालभडक तापवून पाण्यात बुडवणं. यांनी "देतो की" म्हणत एक पातं निखाऱ्यात सरकवलं, लाल केलं आणि बादलीत बुडवलं. चर्र झालं. सवयीनं त्यांनी ते ऐरणीवर हलकंच आपटलं, तर टोकाचा नखाएवढा कपचा उडाला.

"मी प्यायला मागितलं होतं," ती म्हणाली.

यांच्या तोंडचंच पाणी पळालं. तिनं तो कपचा उचलून तळहातावर घेतला आणि म्हणाली, "तहान लागल्यावर विहीर खणतात हे ऐकलं होतं. भट्टी पेटवतात हे आजच कळलं." पण आवाज रडवेला होता.

"लोखंड तेच आहे," ते चाचरत सांगू लागले. "फक्त आतल्या कणांची बसण्याची तऱ्हा बदलली. लाल झालं की कार्बनचे कण लोखंडाच्या कणांमध्ये शिरतात. एकदम गार केलं की त्यांना बाहेर पडायला फुरसतच मिळत नाही, तिथेच अडकतात. मग लोखंडाच्या कणांना सरकायला जागा उरत नाही. म्हणून पातं कडक होतं, पण वाकायच्या ऐवजी मोडतं."

"खोलीत कोंबलेल्या पाहुण्यांसारखं?"

"तसंच."

"मग बसू द्या त्यांना जरा ऐसपैस."

उपाय तोच होता, पण त्याला धीर लागतो, आणि धीर यांच्याकडे उधारीवरही नव्हता. पातं घासून चकचकीत केलं आणि मंद निखाऱ्यावर धरलं. कडेला जांभळा रंग येईपर्यंत मला थांबवा, असं यांनी तिला सांगून ठेवलं. पात्यावर फिकट पिवळा रंग चढला. यांचा हात पुढे झाला. "थांबा," ती म्हणाली. पिवळ्याचा तपकिरी झाला. "थांबा." कडेला जांभळी झाक आली, तेव्हा कुठे तिनं मान हलवली.

पातं गार झाल्यावर यांनी ते मुद्दाम फरशीवर टाकलं. तिनं डोळे गच्च मिटले. टण् आवाज झाला आणि पातं अख्खं राहिलं. यांनी धार लावून, खिळा बसवून दिला, तसा तिनं मखमलीचा तुकडा दुहेरी धरला. कात्री सुळकन आरपार गेली. ती मटकन स्टुलावर बसली आणि हसत सुटली. इतका आनंद यांना स्वतःच्या कुठल्याही कात्रीनं दिला नव्हता.

"आणखी काय देऊ?"

"पाणी," ती म्हणाली. यांची नजर भट्टीकडे वळलेली पाहून घाईनं म्हणाली, "प्यायचं, पाणीवाले, प्यायचं."

पडदा वेळेवर गेला. पुढच्या आठवड्यात ती कात्री घेऊन परत आली. टोकाचा टवका तसाच होता, बाकी काही बिघडलं नव्हतं. "कात्री उत्तम चालते," ती म्हणाली, "मी आले ते वेगळ्याच कामासाठी. म्हणजे असं की..." आणि अडखळली.

पाणीवाल्यांनी हातोडी खाली ठेवली, आणि आयुष्यात पहिल्यांदा समोरच्याचं वाक्य पुरं होऊ दिलं.